डावी बाजू

एकास दोनशे.
म्हणजे माणूस साडेआठ मिलिमीटर,
भाताच्या शितापेक्षा थोडा कमी.
कठड्याची उभी काठी पाच.
आणि माझ्या हाताचा कंप
जहाजाच्या मापात काढला, तर फूटभर.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा तपासल्या,
शाईच्या एका ठिपक्यापायी अख्खा कागद बाद केला.
आता चूक शोधायचा पगार कुणी देत नाही,
म्हणून जेलरोडच्या या खोलीत फुकट शोधते.
समुद्र घाटाखाली राहतो. आमची फारशी ओळख नाही.

तोफांच्या नळ्या म्हणजे इंजेक्शनच्या सुया.
डॉक्टर धात्रक वापरलेल्या देत नाहीत, नव्या घ्याव्या लागतात.
कठड्याची तार सिन्नर फाट्यावरच्या वाइंडिंगवाल्याची,
जळक्या मोटारीतली, तिला अजून वास येतो.
डोलकाठीच्या दोऱ्या संपलेल्या रिफिलच्या:
मेणबत्तीवर मऊ करायची, श्वास धरून ओढायची,
केसाहून बारीक होते.
तिनातली एक तुटत नाही.
शिंप्याचं काटेरी चाक मागून फिरवलं
की पत्र्यावर रिव्हेटांचं पुरळ उठतं.

पुढच्या टोकाला नाळ म्हणतात.
हे कळलं तेव्हा हातात कटर होता.
जरा थांबले.

फोटो चारच. चारही उजव्या अंगाचे.
डावीकडे खिडक्या किती, शिडी कुठे,
होडी टांगायचे हात दोन की तीन?
अंदाजाने करणाऱ्यातली मी नाही.
नोटेची मागची बाजू कुणी अंदाजाने छापतं का?

शोधत शोधत पुंडलिक गायधनी सापडले, देवळाली गावात.
वय ब्याऐंशी. त्याच जहाजावर बॉयलरला.
कागद पुढे केला, म्हटलं, डावी बाजू काढून द्या.
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ.
"बाई, मी खाली असायचो.
बाहेरून तिला पाहिली ती चढताना.
उतरताना मागे वळलोच नाही."
तिला, म्हणाले. मी व्याकरण सुधारलं नाही.

मग खोक्यातलं माझं उघडं जहाज त्यांनी दोन्ही हातांनी उचललं,
डेक बसायचा होता अजून,
आत करंगळी घातली, तिसऱ्या कप्प्यात.
"इथं माझा बंक. वरचा.
पायपाला डोकं लागायचं."

तो केला. नऊ मिलिमीटर, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा.
पाइपही केला, डोकं लागेल असा.
त्याच रात्री डेक चिकटवला.
आता तो कुणाला दिसणार नाही.
नोटेतलं जलचिन्ह निदान उजेडात धरलं की दिसतं.

डावी बाजू शेवटी केली.
उजवीचीच, आरशातली.
पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलं: माहीत नाही.
वरून करडा रंग दिला, दोन हात.

पाण्याची रेघ आखायला पाणी लागतं.
तांबट आळीतलं घंगाळ, नळाला आलेली दारणा.
सोडलं.
तरंगलं,
आणि डावीकडे कललं. दोन मिलिमीटर.
म्हणजे चाळीस सेंटिमीटर.
म्हणजे बाद.

पोटाला भोक पाडून उजवीकडे टाकायला
शिशाचा छर्रा काढला होता.
गायधनींना फोन केला, सहजच.
पलीकडे टीव्ही चालू होता. बंद झाला.
"कुठल्या अंगाला?"
"डाव्या."
काही वेळ नुसता श्वास.
"मग राहू द्या.
ताटातलं वरण कायम त्याच बाजूला जमायचं."

छर्रा डबीत टाकला.
रेघ आखली, पाण्याला सरळ,
जहाजाला तिरपी.